गूगल ज्यूसचे मेथड इंटरसेप्टर : जिनिंगच्या काट्यावर वापरून दिलेला अभिप्राय

जळगावात बसून आम्ही जिनिंगवाल्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. जामनेर, बोदवड, धरणगाव, चोपडा या पट्ट्यातल्या जिनिंगांत काटा पावती, ओलाव्याची कपात, शेतकऱ्याची हिशेबपट्टी आणि गाठींचा साठा हे सगळं आमच्या जावा प्रोग्रॅमवर चालतं. त्या प्रोग्रॅममध्ये डिपेन्डन्सी इंजेक्शनसाठी, म्हणजे प्रोग्रॅमच्या भागांना लागणारे ऑब्जेक्ट घडवून जोडून देण्यासाठी, गूगलचं ज्यूस आहे. लिहायला जी-यू-आय-सी-ई, म्हणायला ज्यूस. आज मला त्याच्या एकाच भागाबद्दल लिहायचं आहे, तो म्हणजे मेथड इंटरसेप्टर, मेथडला मारलेल्या हाकेच्या मध्ये शिरून आपलं काम करणारा कोड. ज्यूस घ्यावं की त्याच कामाचं दुसरं फ्रेमवर्क स्प्रिंग, हे विचारायला धुळ्या-जळगावची शिकून नुकतीच बाहेर पडलेली मुलंमुली माझ्याकडे येतात. वेग विचारतात, नोकरीत काय चालतं ते विचारतात. इंटरसेप्टर दोन्हीकडे कसा वागतो, हे मात्र कुणी विचारत नाही आणि आमच्या कामात सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडला.

माझं मत आधीच सांगते. ज्यूसचा इंटरसेप्टर भरवशाचा आहे, एका अटीवर. ज्या ऑब्जेक्टवर तो चालायला हवा, तो ऑब्जेक्ट ज्यूसने स्वतः घडवलेला असला पाहिजे. ही अट मनात पक्की बसली की बाकीचे बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप निघत जातात.

आम्हाला इंटरसेप्टर कशाला लागतो, ते आधी. कापसाची गाडी येते, भरलेलं वजन होतं, गाडी रिकामी होते, रिकामं वजन होतं, उरतं ते निव्वळ. मग ओलावा मोजतात. भारतीय कापूस निगमच्या खरेदीत ८ टक्के ओलावा धरलेला असतो, त्यावर कपात करत १२ टक्क्यांपर्यंतचा माल घेतात, त्यापुढचा घेत नाहीत. खासगी जिनिंगवाले आपापला हिशेब लावतात. २० क्विंटलच्या गाडीला २ टक्के कपात म्हणजे ४० किलो कापूस. शेतकऱ्याच्या दृष्टीने तो आकडा फार मोठा आहे. म्हणून पावतीवरचं वजन, ओलावा किंवा भाव कुणीही बदलला तर कुणी, कधी, आधी काय होतं आणि नंतर काय केलं याची नोंद झालीच पाहिजे. हंगामात शेठ फोन करून विचारतात, "ताई, हाई वजन कोनी बदलं?" तेव्हा माझ्याकडे उत्तर असावं लागतं.

आता पावती बदलणाऱ्या मेथड एक-दोन नाहीत. वजन दुरुस्ती, ओलावा दुरुस्ती, भाव बदल, पट्टी रद्द, पावती पुन्हा उघडणे, गाडी दुसऱ्या नावावर टाकणे, अशी ती यादी दर हंगामात वाढते. प्रत्येकीत नोंदीच्या ओळी हाताने लिहायच्या म्हटलं तर नवा मुलगा कामाला लागला की कुठेतरी एक राहणारच. त्यापेक्षा मेथडवर @नोंद असं अ‍ॅनोटेशन (खुणेची चिठ्ठी) लावायचं आणि ते दिसेल तिथे ज्यूसने आमचा इंटरसेप्टर मध्ये घालायचा. काय कशाला जोडायचं ते ज्यूसला सांगणाऱ्या क्लासला मॉड्यूल म्हणतात, त्यात बाइंड-इंटरसेप्टर ही एक ओळ. तिला तीन गोष्टी द्यायच्या: कोणते क्लास, त्यातल्या कोणत्या मेथड आणि त्यावर कोणता इंटरसेप्टर. इंटरसेप्टरला मेथडचं नाव, तिला दिलेली मूल्यं आणि तो ऑब्जेक्ट, सगळं हातात मिळतं. 'प्रोसीड' म्हटलं की खरी मेथड चालते. म्हटलं नाही तर ती चालतच नाही आणि इंटरसेप्टर जे परत देईल तेच बोलावणाऱ्याला मिळतं. दिलेल्या मूल्यांचं अ‍ॅरे बदललं तर पुढे बदललेलीच मूल्यं जातात. ही ताकद मोठी आहे, म्हणून आमच्याकडे नोंदीच्या इंटरसेप्टरने मूल्यांना हात लावायचा नाही असा नियम आहे.

ज्यूसची पहिली आवृत्ती गूगलने मार्च २००७ मध्ये सर्वांसाठी खुली केली. गूगलमध्ये काम करणाऱ्या बॉब ली यांनी ते सुरू केलं होतं. इंटरसेप्टरसाठी त्यांनी स्वतःचा इंटरफेस काढला नाही, एओपी अलायन्स या सामाईक प्रकल्पाचा मेथड-इंटरसेप्टर हा इंटरफेसच घेतला. स्प्रिंगमध्येही तोच आहे. म्हणजे तुमचा इंटरसेप्टरचा क्लास एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी तसाच्या तसा ठेवता येतो. कंपाइल होतो, चालतो. आणि तरीही वागणूक बदलते. खरी गंमत इथून पुढे आहे.

स्प्रिंग तुमच्या ऑब्जेक्टच्या पुढे दुसरा एक ऑब्जेक्ट उभा करतं, त्याला प्रॉक्सी म्हणतात. बाहेरचा माणूस प्रॉक्सीशी बोलतो, प्रॉक्सी इंटरसेप्टर चालवतो आणि मग आतल्या खऱ्या ऑब्जेक्टला हाक मारतो. जिनिंगच्या फाटकावर रजिस्टर घेऊन बसलेल्या माणसासारखं हे आहे. बाहेरून आत येणारी प्रत्येक गाडी तो लिहितो, पण आवारातल्या आवारात या गोदामातून त्या गोदामात काय हललं ते त्याला दिसत नाही. तुमच्या क्लासमधली एक मेथड त्याच क्लासमधल्या दुसऱ्या मेथडला बोलावते, तेव्हा ती हाक प्रॉक्सीकडे जातच नाही. दुसरीवर अ‍ॅनोटेशन असलं तरी इंटरसेप्टर चालत नाही. स्प्रिंगच्या कागदपत्रांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे, कुणी लपवलेलं नाही.

ज्यूस दुसरा ऑब्जेक्ट करतच नाही. प्रोग्रॅम चालू असताना ते तुमच्या क्लासचा एक सबक्लास तयार करतं, त्यात फक्त जुळलेल्या मेथड ओव्हरराइड करतं आणि त्या सबक्लासचाच ऑब्जेक्ट बनवून देतं. डीबगरमध्ये क्लासचं नाव बघितलं तर तुमच्या नावामागे 'एन्हान्सर-बाय-ज्यूस' असं शेपूट दिसतं. ऑब्जेक्ट एकच असल्यामुळे आतून आतल्या मेथडला मारलेली हाकही जावाच्या नेहमीच्या वारसा-नियमाने सबक्लासच्या मेथडवर जाते आणि इंटरसेप्टर चालतो. आमच्याकडे 'पट्टी रद्द' ही मेथड आतून 'पावती पुन्हा उघडा' या मेथडला बोलावते. दोन्हींवर @नोंद आहे, दोन्हींची नोंद होते. मला हेच हवं होतं. पट्टी रद्द झाली एवढं कळून भागत नाही, त्या निमित्ताने कोणती पावती उघडली गेली तेही कागदावर यावं लागतं.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवायला हवी. एखादी मेथड आतून शेकडो पावत्यांवर फिरत असेल आणि प्रत्येक पावतीसाठी @नोंद असलेली मेथड बोलावत असेल, तर शेकडो नोंदी पडतील. स्प्रिंगमधून आलेल्या माणसाला याचा धक्का बसतो. नोंदवहीसाठी ते योग्यच आहे. वेळ मोजणाऱ्या इंटरसेप्टरसाठी मात्र विचार करावा.

एकच ऑब्जेक्ट असण्याचा आणखी एक फायदा फार कमी लोक सांगतात. स्प्रिंगचा सबक्लास-प्रॉक्सी ४.० पासून कन्स्ट्रक्टर न बोलावताही तयार होऊ शकतो. आतली फील्ड त्यात रिकामी असतात, कारण खरी फील्ड आतल्या ऑब्जेक्टमध्ये आहेत. अशा प्रॉक्सीवर फायनल मेथड बोलावली तर ती ओव्हरराइड झालेली नसते, प्रॉक्सीवरच चालते आणि फील्ड नल सापडतात. ज्यूसमध्ये फायनल मेथडवर इंटरसेप्टर चालणार नाही, पण मेथड स्वतः नीट चालेल, कारण फील्ड तिथेच आहेत. मला हा स्वभाव आवडतो. जावाचे वारशाचे नियम ज्याला येतात त्याला ज्यूसचं वागणं आधीच माहीत असतं.

नियम कोणते, तर तेच. क्लास फायनल नको. मेथड फायनल नको, खासगी नको, स्टॅटिकही नको. पब्लिक, प्रोटेक्टेड किंवा पॅकेजपुरती खुली चालेल. जावाचे रेकॉर्ड फायनल असतात, म्हणून त्यांच्यावर नाही. कॉटलिनमध्ये क्लास मुळातच फायनल असतो, तिथे 'ओपन' लिहावं लागतं.

आता मुख्य अट. ऑब्जेक्ट ज्यूसने घडवलेला हवा, म्हणजे @इंजेक्ट लावलेल्या किंवा काहीच न घेणाऱ्या कन्स्ट्रक्टरमधून ज्यूसने स्वतः तो तयार केलेला हवा. तुम्ही 'न्यू' म्हणून ऑब्जेक्ट केलात आणि टू-इन्स्टन्सने ज्यूसच्या हवाली केलात, तर इंटरसेप्टर नाही. @प्रोव्हाइड्स मेथडमधून परत दिलात, तर नाही. प्रोव्हायडर क्लासमध्ये हाताने बनवलात, तरी नाही. आधीच तयार ऑब्जेक्टमध्ये ज्यूसकडून फील्ड भरून घेतलीत, तरीही नाही. डेटाबेसमधून हायबरनेट ही लायब्ररी जे एन्टिटी ऑब्जेक्ट उभे करतं, ते तर ज्यूसच्या गावातलेच नाहीत. कारण सोपं आहे. इंटरसेप्टर सबक्लासमध्ये राहतो आणि ऑब्जेक्ट एकदा मूळ क्लासचा म्हणून जन्माला आला की नंतर त्याला सबक्लासचा करता येत नाही.

ही मर्यादा मला मान्य आहे. खटकतं ते एवढंच की अशा वेळी ज्यूस गप्प राहतं. अ‍ॅनोटेशन मेथडवर दिसत असतं, वाचणाऱ्याला वाटतं काम होतंय. प्रोग्रॅम सुरू होतो, कुठे लाल ओळ नाही. नोंद फक्त पडत नाही.

धरणगावकडच्या एका जिनिंगमध्ये दुसऱ्या कुणीतरी केलेला प्रोग्रॅम सांभाळायला आमच्याकडे आला. वजन बदललं की नोंद व्हायची, भाव बदलला की व्हायची. तिथले मुनीमकाका कॉम्प्युटरच्या जोडीला हाताची वही ठेवतात. त्यांनी वही माझ्यासमोर उघडली आणि म्हणाले, "ताई, मन्ही वहीमा ओलावा दोनदा बदलेल शे, तुमनी यादीमा एकदा बी नही." कोड उघडून बघितलं. ओलाव्याचं काम करणारा क्लास @प्रोव्हाइड्स मेथडमध्ये 'न्यू' करून बनवलेला होता, कारण त्याला ओलावा मोजणाऱ्या यंत्राच्या पोर्टची सेटिंग द्यायची होती. लिहिणाऱ्याचा हेतू अगदी सरळ होता. पण त्या एका 'न्यू'मुळे त्या क्लासच्या एकाही मेथडवर इंटरसेप्टर बसलेला नव्हता.

दुरुस्ती छोटी होती. @प्रोव्हाइड्समधून फक्त सेटिंगचा ऑब्जेक्ट द्यायचा आणि काम करणारा क्लास @इंजेक्ट कन्स्ट्रक्टरने ज्यूसलाच घडवू द्यायचा. तेव्हापासून आमच्या ऑफिसात हा नियम लिहून लावलेला आहे. हाताने साहित्य द्या, काम करणारा क्लास ज्यूसकडून घ्या.

पण भिंतीवरच्या कागदावर विसंबून हंगाम काढता येत नाही, म्हणून आम्ही टेस्ट लिहिली आणि ज्यूसची ही बाजू मला मनापासून कौतुकाची वाटते. ज्यूसचा ऑब्जेक्ट घडवून देणारा भाग म्हणजे इंजेक्टर आणि कोणता ऑब्जेक्ट कुठून आणायचा ही प्रत्येक सूचना म्हणजे बाइंडिंग; इंजेक्टरकडून सगळी बाइंडिंग मागता येतात. ज्या बाइंडिंगमध्ये ज्यूस स्वतः कन्स्ट्रक्टर बोलावणार आहे, त्याचा प्रकार कन्स्ट्रक्टर-बाइंडिंग असतो आणि त्याला विचारता येतं की तुझ्या कोणत्या मेथडवर कोणते इंटरसेप्टर बसलेत. गेट-मेथड-इंटरसेप्टर्स म्हटलं की पूर्ण नकाशा हातात येतो. आमची टेस्ट प्रत्येक बाइंडिंगपाशी थांबते. क्लासमध्ये @नोंद असलेली मेथड दिसली की ती त्या नकाशात आहे का ते बघते. खासगी मेथडवर कुणी @नोंद चिकटवलं असेल तर ती नकाशात सापडत नाही, टेस्ट पडते. बाइंडिंग दुसऱ्या प्रकारचं आहे आणि तरी त्याच्या क्लासमध्ये @नोंद आहे, तर टेस्ट पडते. इंटरफेसच्या नावाने @प्रोव्हाइड्स लिहिलेलं असेल तर आतून कोणता क्लास येणार ते बाइंडिंगवरून कळत नाही. म्हणून पावतीशी संबंधित पॅकेजमध्ये इंटरफेस देणारं @प्रोव्हाइड्स आम्ही सरसकट बंद केलं. जोडीला मॉड्यूलमध्ये रिक्वायर-एक्स्प्लिसिट-बाइंडिंग्ज लावलं, म्हणजे न सांगता आपसूक तयार होणारी बाइंडिंग राहत नाहीत आणि टेस्टच्या नजरेतून काही सुटत नाही. या सगळ्याला काट्याचं यंत्र लागत नाही, डेटाबेस लागत नाही, टेस्ट चटकन संपते. तपासणीची अशी सोय ज्या फ्रेमवर्कमध्ये आहे, त्याचं गप्प राहणं मला सहन होतं.

क्रमाबद्दलही सविस्तर लिहिते, कारण पैशाच्या नोंदीत क्रम चुकला की अर्थ बदलतो. एका मेथडवर अनेक इंटरसेप्टर असतील तर ज्या क्रमाने मॉड्यूलमध्ये लावले त्या क्रमाने ते चालतात. पहिला लावलेला सगळ्यात बाहेरचा. स्प्रिंगसारखा आकडा देऊन क्रम ठरवायची सोय इथे नाही, मॉड्यूल कोणत्या क्रमाने इन्स्टॉल केलीत त्यावर सगळं. आम्ही ट्रान्झॅक्शनसाठी, म्हणजे डेटाबेसमधले बदल सगळे मिळून व्हावेत नाहीतर एकही होऊ नये यासाठी, ज्यूस-पर्सिस्ट वापरतो, ते ३.० आवृत्तीपासून ज्यूससोबत मिळतं आणि त्याचं @ट्रान्झॅक्शनल हेसुद्धा आतून एक मेथड इंटरसेप्टरच आहे. आता नोंदीचा इंटरसेप्टर त्याच्या आत ठेवला, तर वजन दुरुस्ती फसली की ट्रान्झॅक्शन मागे फिरतं आणि त्यासोबत नोंदही पुसली जाते. बाहेर ठेवला आणि नोंद वेगळ्या कनेक्शनवर लिहिली, तर फसलेला प्रयत्नही वहीत राहतो. रात्री उशिरा कुणी बंद पावती उघडायचा प्रयत्न केला आणि ती उघडली नाही, ही माहिती जिनिंगवाल्याला हवी असते. म्हणून आमच्याकडे नोंदीचं मॉड्यूल आधी, पर्सिस्टचं नंतर, आणि त्या दोन ओळींच्या वर मराठीत टीप लिहिलेली आहे की या ओळींची अदलाबदल करू नये.

ज्यूस-पर्सिस्टचं वागणंही इथेच सांगते. @ट्रान्झॅक्शनल मेथडने रनटाइम-एक्सेप्शन फेकलं तर रोलबॅक होतं, म्हणजे बदल मागे फिरतात. चेक्ड एक्सेप्शन (जे मेथडला आधी जाहीर करावं लागतं) फेकलं तर, तुम्ही रोलबॅक-ऑनमध्ये वेगळं सांगितलं नसेल, कमिट होतं, म्हणजे बदल पक्के होतात, आणि मग एक्सेप्शन पुढे जातं. काट्याचं यंत्र उत्तर देत नाही यासाठी आम्ही चेक्ड एक्सेप्शन ठेवलं आहे, म्हणून ते रोलबॅक-ऑनमध्ये नाव घेऊन लिहावं लागतं. आत आणखी एक @ट्रान्झॅक्शनल मेथड आली तर नवं ट्रान्झॅक्शन उघडत नाही, चालू आहे त्यातच ती सामील होते.

पुन्हा प्रयत्न करणाऱ्या इंटरसेप्टरची आम्हाला खूप मदत झाली. गावाकडच्या जिनिंगमधून पावत्या जळगावच्या सर्व्हरला पाठवायच्या असतात आणि इंटरनेट मध्येच जातं. इंटरसेप्टरमध्ये 'प्रोसीड' एकदा फसलं तर थांबून पुन्हा म्हणता येतं, ज्यूस त्याला अडवत नाही आणि आतले सगळे इंटरसेप्टर पुन्हा नीट चालतात. हा मात्र ट्रान्झॅक्शनच्या बाहेर हवा, म्हणजे प्रत्येक प्रयत्नाला ताजं ट्रान्झॅक्शन मिळतं.

इंटरसेप्टरचा ऑब्जेक्ट साधारणपणे मॉड्यूलमध्ये आपणच 'न्यू' करून देतो. त्याला डेटाबेस वगैरे हवं असेल तर रिक्वेस्ट-इंजेक्शन म्हणायचं, ज्यूस त्याची फील्ड भरतं. हा एकच ऑब्जेक्ट सगळ्या क्लाससाठी आणि सगळ्या थ्रेडसाठी चालतो. एका जिनिंगला दोन काटे असतात, दोन्हीकडून एकाच वेळी पावत्या येतात. इंटरसेप्टरच्या फील्डमध्ये 'सुरू झाल्याची वेळ' ठेवली तर एकाची वेळ दुसऱ्याला लागेल. जे लागेल ते मेथडच्या आतल्या व्हेरिएबलमध्ये. सीडीआय या जावा ईईच्या डिपेन्डन्सी इंजेक्शन पद्धतीत इंटरसेप्टरचं आयुष्य त्या त्या बीनसोबत असतं, तिकडून आलेल्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावं. एकच इंटरसेप्टर ऑब्जेक्ट दोन बाइंड-इंटरसेप्टर ओळींतून एकाच मेथडवर आला तर ज्यूस तो एकदाच चालवतं. दोन ओळींत दोनदा 'न्यू' केलं असेल तर ते दोन वेगळे ऑब्जेक्ट, दोन्ही चालतील.

काही बारीक गोष्टी भराभर सांगते. मेथडवरचं अ‍ॅनोटेशन वारशाने येत नाही, हा जावाचाच नियम आहे. इंटरफेसच्या मेथडवर @नोंद लावलं आणि खऱ्या क्लासमध्ये लावलं नाही, तर ज्यूसला ते दिसत नाही. एखाद्या जिनिंगसाठी वेगळा सबक्लास करून मेथड ओव्हरराइड केली आणि अ‍ॅनोटेशन लावायचं राहिलं, तर आतून सुपर म्हणून जुनी मेथड बोलावली तरी नोंद पडत नाही. अ‍ॅनोटेशनला रनटाइम रिटेन्शन लागतं, म्हणजे प्रोग्रॅम चालू असतानाही ते टिकलं पाहिजे. ते नसेल तर मॅचर, म्हणजे कोणते क्लास आणि कोणत्या मेथड ते निवडणारा भाग, तिथल्या तिथे स्पष्ट शब्दांत चूक दाखवतो, ही चांगली सवय.

मेथडसाठी 'एनी' असा सरसकट मॅचर लावू नका. त्यात टू-स्ट्रिंग, इक्वल्स, हॅश-कोडसुद्धा येतात. इंटरसेप्टरने लॉगमध्ये तो ऑब्जेक्टच छापायला घेतला की टू-स्ट्रिंग बोलावलं जातं, त्यावर पुन्हा इंटरसेप्टर, पुन्हा छपाई, आणि स्टॅक भरेपर्यंत ते थांबत नाही.

चाइल्ड इंजेक्टर, म्हणजे एका इंजेक्टरच्या पोटी दुसरा, वापरणाऱ्यांसाठी एक इशारा. पालकाचे इंटरसेप्टर मुलाला मिळतात. पण न सांगता आपसूक होणारं बाइंडिंग शक्य असेल तिथे पालकाकडे तयार होतं, म्हणून मुलाच्या मॉड्यूलमध्ये लावलेला इंटरसेप्टर त्याला लागत नाही. क्लास मुलाच्या मॉड्यूलमध्ये नाव घेऊन बाइंड करावा.

एक्सेप्शन आलं की ज्यूस आपल्या आतल्या इंटरसेप्शनच्या ओळी स्टॅक ट्रेसमधून काढून टाकतं. काट्याच्या केबिनमधला ऑपरेटर मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढून पाठवतो, त्यात आपल्या कामाच्या ओळी दिसतात. या एका गोष्टीने आमचा बराच वेळ वाचतो.

खर्चाचं म्हणाल तर मॅचर प्रत्येक हाकेला तपासले जात नाहीत. क्लास कसा घडवायचा हे ठरवताना एकदा तपासणी होते आणि एकही मेथड जुळली नाही तर सबक्लास बनतच नाही. केबिनमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर आमचा प्रोग्रॅम सकाळी लवकर उठतो, पहिली गाडी काट्यावर चढायच्या आत तयार असतो. ज्यूससोबत ग्वावा लायब्ररी यावी लागते, तेवढं ओझं आहे. परवाना अपाचे २.०, पैसे लागत नाहीत.

इतर पर्यायांबद्दल थोडंच. डॅगरमध्ये मेथड इंटरसेप्शन नाही, म्हणून ते आमच्या कामाचं नाही, अँड्रॉइडसाठी मात्र मी तेच सांगते. मायक्रोनॉट सबक्लास कंपाइल करतानाच तयार करून ठेवतं, चालू असताना बाइटकोड, म्हणजे जावा थेट चालवते तो कोड, बनवत नाही. नवा प्रोग्रॅम शून्यापासून करायचा असेल तर ते जरूर बघावं. वेब, सुरक्षा, डेटा असं सगळं एका छताखाली हवं असेल तर स्प्रिंगला तोड नाही, फक्त आतल्या हाकांचा नियम पहिल्या दिवशी समजून घ्या. ज्यांचं काम आमच्यासारखं आहे, म्हणजे मध्यम आकाराचा प्रोग्रॅम, चार-पाच जणांची टीम आणि नोंदीत एकही सुटलेली चालणार नाही अशी जबाबदारी, त्यांना मी ज्यूस निःसंकोच सांगेन. वर लिहिलेली टेस्ट मात्र पहिल्याच आठवड्यात लिहून ठेवा.

आवृत्तीबद्दल शेवटचं आणि महत्त्वाचं. ४.२ पर्यंतचं ज्यूस सबक्लास बनवायला सीजीलिब ही लायब्ररी वापरायचं आणि जावाच्या आतल्या बंद भागात हात घालायचं. जावा ९ पासून त्याबद्दल इशारे येऊ लागले, जावा १६ पासून तो दरवाजा मुळातच बंद झाला, त्यामुळे जुनं ज्यूस तिथे इंटरसेप्टर लावताना अडतं. २०२१ मध्ये आलेल्या ५ मालिकेत सीजीलिब काढून टाकलं आणि बाइटकोडचं काम नव्याने लिहिलं. २०२३ मध्ये ६ आणि ७ एकत्र आले. ६ मध्ये जुन्या जावाएक्स आणि नव्या जकार्ता या दोन्ही पॅकेजांतलं @इंजेक्ट चालतं, ७ मध्ये फक्त जकार्ता. ज्यांच्याकडे अजून ४.२ आहे त्यांनी आधी ५.१ वर यावं, मग जावा १७ घ्यावं, नंतर ६ वर राहून इम्पोर्ट एकेक करून बदलावेत आणि शेवटी ७. हे सगळं मे-जूनमध्ये उरकावं. तेव्हा जिनिंग बंद असतं, केबिनमध्ये ऊन सहन होत नाही म्हणून काम पहाटे करावं लागतं, पण काटा रिकामा असतो आणि दसऱ्यानंतर गाड्यांची रांग लागायच्या आत प्रत्येक पावतीवर टेस्ट फिरवून बघता येते.